सांडलेले तीन, उरलेले दोन

टॅरोच्या ७८ पानांमध्ये 'फाइव्ह ऑफ कप्स' नावाचं एक पान आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी ते चितारलं. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन सरळ उभे आहेत. पलीकडे नदी, तिच्यावर पूल आणि पैलतीरावर एक लहानशी गढी.

भविष्य वगैरे सोडा. पण परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. रात्री-अपरात्री घरून फोन येतो. तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं असतं. अंत्यदर्शन मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाला काय सांगणार? दहावा, तेरावा इथे कुणाला ठाऊक!

अशा वेळी 'जे उरलंय ते बघ' असं लगेच सांगू नये. पानातला माणूसही आधी सांडलेल्याकडेच बघतोय आणि त्यात काही चूक नाही. रडायचं ते रडून घ्यावं. भावंडांना फोन करून त्याच त्या आठवणी पुन्हा काढाव्यात. मागचे दोन पेले कुठे पळून जात नाहीत, पूलही तिथेच आहे. मान वळायला वेळ लागतो, इतकंच.

तुमच्या ओळखीत कुणी असं एकटं पडलं असेल, तर डबा घेऊन जा. समजूत घालू नका. नुसते शेजारी बसा.