लांबणीवर टाकलेलं रडू

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला दारातच टोफू भरवायची कोरियात रीत आहे. पांढरंशुभ्र, बेचव, हात लागला तरी थरथरणारं टोफू. ते खाल्लं की पुढचं आयुष्यही तसंच स्वच्छ जावं, पुन्हा या दाराशी यायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा भाव. पार्क चान-वूक या दिग्दर्शकाच्या २००५ सालच्या ‘लेडी व्हेंजन्स’मध्ये गुम-जा तेरा वर्षांनी बाहेर येते, तेव्हा एक धर्मोपदेशक बशीत टोफू घेऊन उभा असतो. मागे सांताक्लॉजच्या वेशात गाणारी मंडळी. गुम-जा शांतपणे बशी कलती करते. टोफू जमिनीवर.

मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलो होतो. बाई खमकी आहे, आता मजा येणार, असं वाटलं. शेवटाला तीच बाई टोफूसारखा पांढरा केक करते आणि रस्त्यात, पडत्या बर्फात, त्यात तोंड खुपसून रडते. मधल्या दोनेक तासांत तिला हवं ते सगळं मिळालेलं असतं. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो मेलेला असतो. आणि तरीही सुरुवातीला नाकारलेलं पांढरं तिला आता हवं असतं. का?

कोरियन सूडपट म्हटलं की लोकांना हातोडा आठवतो, रक्त आठवतं. ‘ओल्डबॉय’मधली बोळातली ती एका दमात चित्रित केलेली मारामारी आठवते. पण हे सिनेमे लागोपाठ पाहिले तर वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांतला शेवटचा आवाज बहुतेक वेळा किंकाळीचा नसतो, रडण्याचा असतो. आणि रडतो तो जिंकलेला माणूस.

याचं मूळ शोधताना ‘हान’ या शब्दापाशी यावंच लागतं. अन्याय झाला, दाद मिळाली नाही, बोलायचीही सोय नव्हती. मग दुःख आणि राग एकत्र थिजून आत जे बसतं, ते हान. हा खास कोरियन रक्तातला गुण आहे, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. अनेक अभ्यासकांना ते फारसं मान्य नाही. जपानी राजवटीच्या काळात यानागी मुनेयोशी या जपानी कलासमीक्षकाने कोरियन कलेवर ‘दुःखाचं सौंदर्य’ असा शिक्का मारला. अशा नजरेतूनच ही कल्पना राष्ट्रीय स्वभाव म्हणून रुजली, असं त्यांचं म्हणणं. तो वाद त्यांच्यापाशी राहू द्या. मला भुरळ घातली ती या शब्दासोबत येणाऱ्या क्रियापदांनी. कोरियन भाषेत पानावर दव जमतं, झाडाला फळ धरतं, दोऱ्याला गाठ बसते, आणि मनात हान साचतं, या सगळ्याला एकच क्रियापद चालतं. आणि हान जातं कसं? गाठ सुटावी तसं. त्याला ‘हानपुरी’ म्हणतात. पुरी म्हणजे सोडवणं. आपल्याकडेही फळ धरतं आणि नाग डूख धरतो, क्रियापद तेच. पण धरलेला डूख सोडवण्याच्या विधीला आपल्याकडे काही नाव असल्याचं मला आठवत नाही.

कोरियात एक म्हण आहे: बाईने मनात हान धरलं तर भर उन्हाळ्यात दहिवर पडतं. अशा बायकांच्या भुतांच्या कथा तिथे ढिगाने आहेत. मिरयांग गावच्या आरांगची कथा त्यांत सर्वांत प्रसिद्ध. आरांग ही तिथल्या दंडाधिकाऱ्याची मुलगी. कचेरीतल्या एका माणसाने तिच्या दाईला फितवून तिला रात्री बाहेर काढलं, ती वश होत नाही म्हणून मारलं आणि प्रेत बांबूच्या बनात टाकलं. मुलगी पळून गेली, असाच समज झाला. बाप नोकरी सोडून निघून गेला. त्यानंतर जो नवा दंडाधिकारी येई, तो पहिल्याच रात्री मरे. का, तर आरांग पांढऱ्या वस्त्रात, केस मोकळे सोडून त्याच्यासमोर उभी राही, आणि साहेब भीतीनेच गार. शेवटी एक धीराचा माणूस येतो. तो मरत नाही. तो विचारतो, बाई, तुझं म्हणणं काय आहे? ती सांगते. खुनी कोण ते ओळखू यावं म्हणून पांढरं फुलपाखरू होऊन त्याच्या अंगावर बसते. खुन्याला शिक्षा होते, आणि भूत पुन्हा कधीच येत नाही.

गंमत बघा. हे भूत कुणाचाही गळा दाबायला आलेलं नाही. आधीचे अधिकारी मेले ते त्याने मारले म्हणून नाही, ऐकून घ्यायला थांबले नाहीत म्हणून. आरांगला हवी होती ती तक्रार नोंदवून घेणारी कचेरी.

आता या कथेतून तो धीराचा दंडाधिकारी वजा करा. आजचा कोरियन सूडपट हाती येतो.

ही वजाबाकी निव्वळ कल्पनेतली नव्हती. दक्षिण कोरियात खुनाच्या गुन्ह्यालाही खटल्याची मुदत होती. २००७ पर्यंत ती पंधरा वर्षांची होती, मग पंचवीस झाली, आणि २०१५ मध्ये खुनासाठी ती रद्दच झाली. ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात बायकांचे एकामागून एक खून झाले. त्यावर बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ काढला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. सिनेमाच्या शेवटी पोलिसाची भूमिका करणारा सोंग कांग-हो सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत, बघतो. न जाणो, खुनी प्रेक्षकांत बसला असेल. २००६ मध्ये मुदत संपली. २०१९ मध्ये डीएनएवरून माणूस सापडला. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीपासूनच तुरुंगात होता. ह्वासोंगच्या खुनांबद्दल त्याच्यावर खटला चालवता येईना. ‘ओल्डबॉय’ ज्या जपानी चित्रकथेवरून घेतला, तिच्यात नायकाची कैद दहा वर्षांची आहे. कोरियन सिनेमाने ती पंधरा केली, खटल्याच्या जुन्या मुदतीएवढीच. योगायोग असेल, पण मला तो आकडा दर वेळी टोचतो.

दंडाधिकारी नाही, तर मग जिवंत माणसालाच भूत व्हावं लागतं. ते कसं होतं, हे किम जी-वून यांच्या ‘आय सॉ द डेव्हिल’इतकं (२०१०) उघडं करून कुणी दाखवलेलं नाही. गुप्तहेर खात्यातला सू-ह्युन हा अधिकारी. त्याच्या वाग्दत्त वधूचे एक विकृत खुनी तुकडे करतो. सू-ह्युन वरिष्ठांकडे दोन आठवड्यांची रजा मागतो. हा तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे घरात माणूस गेलं की तेरा दिवस दार उघडं असतं. लोक येतात, बसतात, तेच तेच विचारतात, आणि तेच तेच सांगता सांगता रडू वाहून जातं. सू-ह्युनला जवळजवळ तेवढेच दिवस मिळतात, आणि ते तो शिकारीवर खर्च करतो.

खुनी लवकरच सापडतो. इथे दुसरा सिनेमा संपला असता. सू-ह्युन त्याला बडवतो, त्याचा हात मोडतो, त्याच्या घशात ठावठिकाणा आणि आवाज कळवणारी एक गोळी कोंबतो आणि जवळ पैशाचं पाकीट ठेवून सोडून देतो. पुन्हा पकडण्यासाठी. त्याला ते दुःख पुरवून पुरवून परत करायचं असतं. बाकीच्यांनी त्याला थांब म्हणून पाहिलं, मृत मुलीच्या बहिणीनेही. तो थांबत नाही. खुन्याला गोळीचा सुगावा लागतो, आणि तो पोहोचतो थेट त्या बहिणीच्या घरी. एका मरणाचा हिशेब चुकवायला निघालेल्या माणसाच्या खात्यावर आणखी एक मरण चढतं.

शेवटी सू-ह्युन खुन्याला अशा यंत्राखाली अडकवतो की त्याचे आईवडील आणि मुलगा दार उघडतील तेव्हाच पातं कोसळावं. स्वतः तो तिथे थांबतही नाही. कानातल्या यंत्रातून ऐकत, रिकाम्या रस्त्याने चालत राहतो. आणि मग त्याचा चेहरा सुटतो. आधी हसल्यासारखा, मग कुत्र्याच्या पिल्लासारखा कळवळून. ली ब्युंग-हुन हा नट ते ज्या पद्धतीने करतो, ते पाहताना मला लख्ख कळलं की हे आत्ताचं रडू नाहीच. हे पहिल्या दिवसाचं आहे. दोन आठवडे स्वतःला कामाला लावून त्याने ते थोपवून धरलं होतं. कामच संपलं, आता थोपवणार कशाने?

‘ओल्डबॉय’मध्ये सूड घेणारा खरा माणूस नायक नव्हे, खलनायक ली वू-जिन आहे. नायक ओ दे-सूला त्याने पंधरा वर्षं एका खोलीत डांबलं आणि तळलेल्या मांडूवर, म्हणजे करंजीच्या आकाराच्या त्या खाऱ्या पदार्थावर, जगवलं. (सुटल्यावर दे-सू त्या मांडूची चव शोधत गावातली हॉटेलं पालथी घालतो. जिभेने केलेला असा पोलीसतपास दुसरा नसेल.) शेवटचं गुपित मी फोडणार नाही, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यावर तो अन्याय होईल. पण वू-जिनचा बेत तंतोतंत पार पडतो, एवढं सांगतो. मग तो सहज विचारावं तसं विचारतो की आता जगण्यात कसली मजा उरली. लिफ्टमध्ये शिरतो. तिथे त्याला त्याची बहीण आठवते, जिच्यासाठी हे सगळं केलं ती. तो हात पुढे करतो, जणू अजूनही तिला धरता येईल. लिफ्ट खाली पोहोचते तेव्हा तो स्वतःच्या पिस्तुलाने मेलेला असतो.

ही लेखकांची नुसती नाट्यमयता म्हणावी, तर प्रयोगशाळेतही काहीसं असंच दिसलं आहे. २००४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी, पैशाच्या खेळात दगा झालेल्या लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली. दगाबाजाला शिक्षा द्यायचं ठरवताना मेंदूच्या आतला, बक्षिसाच्या आशेने जागा होणारा भाग चेतत होता. म्हणजे सूडाची कल्पना खरोखरच गोड लागते. पुढे २००८ मध्ये केव्हिन कार्ल्समिथ, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी पुढची पायरी तपासली: प्रत्यक्ष शिक्षा दिल्यावर काय? दगाबाजाला दंड करायची संधी मिळाली की बरं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. दहा मिनिटांनी विचारलं, तर ज्यांना संधीच मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा दंड केलेलेच जास्त खट्टू निघाले. कारण ते अजून त्या दगाबाजाचाच विचार करत होते. संधी न मिळालेले लोक चरफडले, पण विसरून पुढे गेले. खेळातल्या चिल्लर पैशांची ही तऱ्हा. मूल गमावलेल्याचं काय होत असेल?

ते पाहायला पुन्हा गुम-जाकडे जाऊ. तिला कळतं की ज्याच्यावर सूड घ्यायचा त्या माणसाने, एका शिक्षकाने, आणखीही मुलं मारली आहेत. मग ती सूड एकटीने उरकत नाही. एका ओसाड शाळेत त्या मुलांच्या आईवडिलांना बोलावते. वर्गातल्या बाकांवर बसवून त्यांना त्याने केलेलं चित्रीकरण दाखवते. मग चर्चा: पोलिसांत द्यायचं, की इथेच? मत जमतं. सगळे प्लॅस्टिकचे रेनकोट चढवतात, हातात सुऱ्या घेतात आणि बाहेर खुर्च्यांवर ओळीने बसतात. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं, अगदी तसे. जगातल्या सिनेमात सूडाला इतकं मध्यमवर्गीय रूप कुणी दिलेलं नाही. काम झाल्यावर एकत्र फोटो काढतात. कुणी फुटू नये म्हणून.

पण खरा धक्का नंतरचा आहे. सगळे बेकरीत केक खात बसलेत. कुणाच्याही चेहऱ्यावर सुटल्याचा भाव नाही. तेवढ्यात विषय निघतो: खंडणीचे पैसे परत मिळणार ना? आणि पालक एकेक करून बँकेचा खाते क्रमांक लिहून देऊ लागतात. हे पाहून हसू येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटते. मूल परत येणार नाही. परत येण्यासारखी तेवढीच एक गोष्ट उरली आहे. गुम-जालाही, ज्याच्या खुनासाठी ती तुरुंगात गेली, तो मेलेला मुलगा दिसतो, मोठा झालेला. ती क्षमा मागायला तोंड उघडते तर तो तिच्या तोंडात बोळा बसवतो. आरांगला ऐकणारा मिळाला. गुम-जाचं कुणी ऐकत नाही, भूतसुद्धा.

किम की-दुक यांच्या ‘पिएता’त (२०१२) तर सूड मायेच्या वाटेने येतो. सावकारासाठी कर्जदारांचे हातपाय मोडणाऱ्या तरुणाकडे एक बाई येते, मी तुझी आई म्हणते. खरं तर त्याने नागवलेल्या दुसऱ्याच कुणाची ती आई. याला माया लावायची आणि मग ती हिरावून घ्यायची, हा तिचा बेत. तो तडीस जातोही, पण तोवर तिला या मुलाचाही कळवळा येऊ लागलेला असतो.

आपल्या निशिकांत कामतांनी, ‘डोंबिवली फास्ट’वाल्या, ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या कोरियन सिनेमावरून २०१६ मध्ये ‘रॉकी हँडसम’ केला आणि ती कथा गोव्यात आणली. मूळ सिनेमात शेवटी नायक, जिला सोडवायला तो निघालेला असतो त्या लहान मुलीला, एकदाच मिठी मारू दे म्हणतो आणि कोसळतो. मारामाऱ्या कुणीही उचलाव्यात, पण त्या मिठीची उसनवारी सोपी नाही.

आणि आता पुन्हा मिरयांग. आरांगच्या त्याच गावी, गावाचंच नाव घेऊन, ली चांग-दोंग यांनी २००७ मध्ये एक सिनेमा केला; जगात तो ‘सिक्रेट सनशाइन’ म्हणून ओळखला जातो, कारण मिरयांगच्या चिनी अक्षरांचा अर्थ तसाच होतो. हा सूडपट नाही. शिन-ए नावाच्या विधवेच्या लहान मुलाचं अपहरण होतं, तो मारला जातो. दुःखात तिला चर्चचा आधार मिळतो. एक दिवस ती ठरवते की खुन्याला तुरुंगात भेटून माफ करायचं. फुलं घेऊन जाते. काचेपलीकडचा माणूस शांत, प्रसन्न असतो. तो सांगतो की देवाने त्याला आधीच माफ केलं आहे. शिन-ए बाहेर येऊन कोसळते. तिच्याकडे देण्यासारखं एकच उरलं होतं, आणि तिच्या आधीच कुणीतरी ते देऊन टाकलं होतं. ही भूमिका करणाऱ्या जोन दो-योनला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

शेवटच्या दृश्यात ती अंगणात बसून स्वतःचे केस स्वतः कापते आहे. एरवी तिच्या मागेमागे करणारा गॅरेजवाला समोर आरसा धरून उभा राहतो. काही बोलत नाही. हा गॅरेजवाला म्हणजे तोच सोंग कांग-हो, ज्याने ‘मेमरीज ऑफ मर्डर’मध्ये आपल्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि त्याआधी २००२ मध्ये ‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेंजन्स’मध्ये, तू चांगला माणूस आहेस हे मला ठाऊक आहे, असं सांगून आपल्या मुलीच्या अपहरणकर्त्याला नदीच्या पाण्यात मारलं होतं. इथे त्याच्या हातात फक्त आरसा. कापलेले केस वाऱ्याने सरकत जातात, आणि कॅमेरा त्यांच्यामागून अंगणाच्या एका कोपऱ्यावर येऊन थांबतो. तिथे चिखल आहे, थोडा कचरा आहे, आणि ऊन पडलं आहे.