खुब्यातला सांधा झिजतो कशाने?

मांडीच्या हाडात रोवलेला धातूचा दांडा, त्याच्या टोकावर गुळगुळीत गोळा आणि कमरेच्या हाडात बसवलेली वाटी: खुब्याचा कृत्रिम सांधा तो एवढाच. धाराशिव जिल्ह्यातली माणसं सोलापूर, लातूर, पुण्याला जाऊन तो बसवून घेतात. घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती वर्षं टिकेल?’ खरं तर हे आयुष्य पावलांत मोजायचं असतं. सांध्यांची चाचणी घेणाऱ्या यंत्रात दहा लाख आवर्तनं म्हणजे साधारण एका वर्षाचं चालणं धरतात.

झिजेचा मोठा धडा इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयात मिळाला. जॉन चार्न्ली यांनी १९५८च्या सुमारास टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन अतिशय निसरडं, तरी काही वर्षांतच गोळा वाटी कोरत आत गेला. घर्षण कमी तर झीजही कमी, हा समज तिथे मोडला. १९६२च्या नोव्हेंबरपासून त्यांनी चिवट पॉलिइथिलीन घेतलं. त्याची झीज वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर.

एवढ्या झिजेने वाटीला भोक पडायला दशकं लागतील. सांधा त्याआधीच निकामी होतो, तो झिजेच्या भुकटीमुळे. मायक्रॉनहूनही बारीक असे कोट्यवधी कण सांध्याभोवती साचतात. शरीराच्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशी चेतवल्या जातात, हाड पोखरतं आणि सांधा सैल होतो. आधी याचा दोष सिमेंटला दिला जाई. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांतही तेच दिसलं, तेव्हा भुकटीकडे लक्ष गेलं.

भुकटी वाढायला कारणं अनेक. वाटी फार उभी बसली तर भार तिच्या कडेवर येतो. सिमेंटचा किंवा हाडाचा कण मध्ये अडकला, तर जात्यात खडा यावा तसा गोळा ओरखडतो आणि पुढे वाटी खरवडत राहतो. मोठा गोळा सहसा निखळत नाही, पण दर पावलाला जास्त घासतो. उकिडवं बसताना दांड्याची मान वाटीच्या काठावर आपटू शकते. जिथे खुरपणीपासून शौचापर्यंत सगळं उकिडव्यानेच होतं, तिथे कमोड हा उपचाराचाच भाग मानायला हवा. किरणोत्साराने साखळ्या जोडलेलं आजचं पॉलिइथिलीन मात्र बरंच कमी झिजतं.

प्लॅस्टिकची भुकटी टाळायला धातूची वाटीही आली. तिच्या झिजेतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरलं. डेप्यू कंपनीने आपला एएसआर सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली, तेव्हा बहुतेक रुग्णांचा माग लागला नाही.

झीज दुखू लागण्याआधी एक्स-रेत दिसू शकते. म्हणून बरं वाटत असतानाही डॉक्टरांनी ठरवून दिलेली तपासणी चुकवू नये आणि सांध्याचा क्रमांक असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डासोबत जपावं. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाहेरगावी सांधा बसवून आलेल्या प्रत्येकाची नोंद आणि ठरावीक मुदतीचा एक्स-रे तिथेच व्हावा. पुण्याच्या खेपेचा खर्च परवडत नाही, एवढ्यासाठी कुणाचंही हाड गुपचूप पोखरलं जाऊ नये.