हर्राशीत गेलेला उत्तर ध्रुव

गायरानाची वा बाभळबनाची हर्रास पुकारली की ज्या राणीसावरगावात अर्धा गाव चावडीपुढे लोटत असे, तेथे बालपणी ज्यूल व्हर्नचे चांद्रवीर मला भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’तून भेटले; आणि बाल्टिमोरच्या तोफमंडळाचा बार्बिकेन, तसेच निकोल व सर्वांहून लाडका तो बेफिकीर फ्रेंच मिशेल आर्दां पुढे कोठे गेले असतील, या विचारात रेणुकादेवीच्या देवळाच्या ओट्यावर माझ्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या. १८६५ च्या पहिल्या ग्रंथाने फ्लोरिडाच्या भूमीत ९०० फुटांची तोफ ओतून त्यांना प्रक्षेपित केले, १८७० च्या दुसऱ्याने चंद्राला प्रदक्षिणा घालवून समुद्रात सुखरूप उतरविले. म्हणून १८८९ चा तिसरा ग्रंथ तारुण्यात इंग्रजीतून हाती आला, तेव्हा मी तो अधाशीपणाने उघडला.

आर्दां त्यात नव्हताच. उरलेले वीर आता मक्तेदार झाले होते: उत्तर ध्रुवाचा मुलूख हर्राशीत घ्यावा, किलिमांजारोच्या पोटात प्रचंड तोफ कोरून तिच्या धक्क्याने पृथ्वीचा आस सरळ करावा आणि बर्फ वितळताच खालचा कोळसा उपसावा, असा त्यांचा मनसुबा, त्यापायी कोणते देश बुडतील याची क्षिती कोणासच नाही. बार्बिकेन व निकोल बहुतेक काळ दृष्टीआड राहतात आणि सारा भार मास्टन या गणितज्ञावर पडतो. अखेर तोफ उडते, पृथ्वी मात्र जागची हलत नाही. कारण ऐन गणिताच्या वेळी आलेला टेलिफोन व त्यावर कोसळलेली वीज यांच्या गडबडीत मास्टनने पृथ्वीच्या परिघातील तीन शून्ये गाळली आणि ती चूक अंती बारा शून्यांची झाली. जमाबंदीत एक शून्य चुकले तर आमच्या पटवाऱ्यास तहसिलीत जाब द्यावा लागे. येथे तर लेखकाने चुकीवरच ग्रंथ संपविला! माझी निराशा खरी होती, आणि आजही ती मी अन्याय्य मानीत नाही. ज्या गणिताच्या अचूकपणावर वाचकाला आकाशात नेले, त्याचीच थट्टा करताना व्हर्नने बदल्यात दुसरे स्वप्न दिले नाही.

तरी हर्राशीचे प्रकरण मी पुनःपुन्हा वाचतो. रशिया, इंग्लंड, डेन्मार्क, हॉलंड आणि स्वीडन-नॉर्वे यांचे प्रतिनिधी, कोणी पाहिलीही नाही अशा जमिनीसाठी एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले, आमच्या चावडीवरील बोली लावणाऱ्यांहून तिळमात्र निराळे नाहीत. फरक एवढाच, की आमच्याकडील बाभळी निदान दिसत तरी असत.