ट्रकचं इग्निशन ‘साधं’ करायचंय? आधी इंजिन कुठलं ते बघा

सर्वण (डिचोली) : सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. मधल्या काळात त्या थोड्याफार चालल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या. डिचोली तालुक्यातले अनेक टिपर तेव्हा उभेच राहिले. 2024 मध्ये डिचोलीच्या खाण ब्लॉकमध्ये काम परत सुरू झालं, पण कित्येक पावसाळे उभी राहिलेली गाडी चावी फिरवल्यावर लगेच चालू होईलच असं नाही. मग गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो : "ही इलेक्ट्रॉनिक भानगड काढून टाका, साधी सिस्टीम बसवा." सल्ला ऐकायला सोपा आहे, पण पैसे घालण्याआधी तो नीट समजून घ्यायला हवा.

पेट्रोल इंजिनात काय होतं?

जुन्या पेट्रोल जीप आणि ट्रकमध्ये ठिणगी पाडायचं काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात. कॅम फिरला की पॉइंट उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी पडते. पॉइंटमधला गॅप जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. पॉइंट झिजले की गॅप बदलतो, टायमिंग सरकतं आणि गाडी मिसिंग करते. दमट हवेत तर हा त्रास वाढतोच. अशा इंजिनात पॉइंट काढून त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवता येतं. झिजणारा भाग जातो आणि बाकीचं इंजिन तसंच राहतं. म्हणजे इथं काम खरोखर साधं होतं आणि तेही इलेक्ट्रॉनिक भाग बसवून.

डिझेलमध्ये ठिणगीच नाही

खाणीवरचे टिपर डिझेलचे. त्यात प्लग नाही, कॉइल नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती 500 अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून डिझेल कधी आणि किती फवारायचं, हेच डिझेल गाडीचं ‘इग्निशन’.

जुन्या गाड्यांत हे काम गिअरवर फिरणारा इनलाइन पंप करतो. तिथं सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही, म्हणजे साधं करण्यासारखं काही उरतच नाही. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 लागू झालं आणि बहुतेक मोठ्या गाड्यांत कॉमन रेल आलं. काही मॉडेलमध्ये मात्र इनलाइन पंपच राहिला. कॉमन रेलमध्ये क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर आणि रेल प्रेशर सेन्सर ईसीएमला माहिती देतात आणि ईसीएम इंजेक्टर उघडतो. क्रँक सेन्सरची एक वायर तुटली तरी इंजिन बंद पडू शकतं. सल्ल्याचं मूळ इथं आहे.

पंप बदलून भागतं का?

नाही. पंपासोबत त्याचा गिअर, ब्रॅकेट, पाइप आणि नोझल बदलावे लागतात. साधं नोझल साधारण 200 ते 250 बार दाबाला उघडतं, तर कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. पिस्टनची वाटी आणि टर्बो त्या बारीक फवाऱ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यामुळे मेळ बसला नाही तर काळा धूर, जादा डिझेल आणि तापणारं इंजिन असा नवा खर्च मागे लागतो. पंपाचं टायमिंग पुढे गेलं तर इंजिन ठोकतं, मागे राहिलं तर चढावर दम सोडतं.

दुसरा प्रश्न पासिंगचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला कलम 182-अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणजे हा प्रश्न दरवर्षी समोर येणार. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी गाडीतला बदल तपासू शकते.

आधी एवढं बघा

उभ्या राहिलेल्या गाडीत बऱ्याचदा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. कारण किरकोळ असू शकतं.

– स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज किती खाली येतो ते मीटरने मोजा.
– चॅसीची आणि इंजिनची अर्थ वायर सोडवून, घासून परत घट्ट करा.
– कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा; उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही तपासा.
– वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, जुनं डिझेल बदला.
– क्रँक सेन्सर साफ करा आणि स्कॅनर लावून कोड वाचा.

कोड वाचल्याशिवाय ईसीएम काढू देऊ नका. त्यानंतरही कन्व्हर्जनचा विचार असेल, तर कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला सेन्सर आणि वायरिंगची दुरुस्ती लिहा. दुसऱ्या बाजूला पंप, नोझल, मजुरी, जादा डिझेल आणि अडकलेलं पासिंग. कर्जाचा हप्ता चालू असताना पासिंगविना उभा राहिलेला ट्रक सगळ्यात महाग पडतो.