माता व बालक यांच्या शरीरातील पाऱ्याचे मापन

जपानमधील मिनामाता येथील रासायनिक कारखान्यात ॲसिटाल्डिहाइडच्या निर्मितीसाठी १९३२ पासून पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जात असे. त्या प्रक्रियेत अल्प प्रमाणात तयार होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई, तेथून मासळीत शिरे व मासळीतून कोळ्यांच्या कुटुंबांत पोहोचे. या विकाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. त्याच सुमारास त्या भागात जन्मतःच मेंदूची हानी झालेली, हातापायांवर ताबा नसलेली बालके आढळू लागली. त्यांनी ती मासळी स्वतः कधी खाल्ली नव्हती. त्यांच्या माता तर वरवर पाहता निरोगी, किंवा फार तर सौम्य लक्षणे असलेल्या होत्या. वार ही विषाला गर्भापर्यंत पोहोचू देत नाही, असा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता. परिणामी या बालकांच्या विकाराचा मासळीशी असलेला संबंध मान्य होण्यास १९६२ साल उजाडावे लागले.

संबंध मान्य झाला, तरी एक प्रश्न उरलाच. गर्भावस्थेत या बालकांच्या वाट्यास नेमका किती पारा आला होता? त्या दिवसांतील रक्त कोणी राखून ठेवले नव्हते. अशा वेळी एक घरगुती चाल संशोधकांच्या साह्यास आली. आपल्याकडे नाळ पुरण्याची रीत आहे. जपानात तिचा तुकडा वाळवून लहानशा पेटीत जपून ठेवतात. निशिगाकी व हाराडा यांनी मिनामाता परिसरातील अशा नाळांचे पृथक्करण करून १९७५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाळांतील मिथिल पाऱ्याचे प्रमाण ॲसिटाल्डिहाइडच्या उत्पादनाबरोबर वाढल्याचे त्यांत दिसून आले. जे मापन वेळेवर झाले नाही, ते वाळलेल्या नाळेने अंशतः तरी भरून काढले.

या उदाहरणावरून प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होईल. शरीरात पारा किती, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. रक्त, केस, मूत्र आणि नाळ हे निरनिराळे साक्षीदार होत. प्रत्येकाची साक्ष पाऱ्याच्या विशिष्ट रूपाविषयी व विशिष्ट कालावधीविषयी असते. साक्षीदार निवडण्यात चूक झाली, तर उपकरण कितीही सूक्ष्म असले तरी निष्कर्ष चुकतो.

प्रथम रूपाचा विचार करू. मासळीतून येणारा पारा मुख्यतः मिथिल पारा असतो. तो सिस्टीन या ॲमिनो आम्लाशी संयोग पावतो. हे संयुग मेथिओनीन या दुसऱ्या ॲमिनो आम्लासारखे असल्यामुळे शरीरातील वाहक प्रथिने ते पोषक द्रव्य समजूनच वारेतून आणि पुढे गर्भाच्या मेंदूत नेतात. रक्तात हा पारा प्रामुख्याने तांबड्या पेशींत असतो. म्हणून त्याच्या मापनासाठी केवळ रक्तद्रव न घेता संपूर्ण रक्त घ्यावे लागते. मूत्रावाटे तो फारच थोडा बाहेर पडतो. उलटपक्षी, सोन्याच्या लहान खाणींवरील पाऱ्याची वाफ किंवा त्वचा उजळविणाऱ्या काही मलमांतील असेंद्रिय पारा यांची साक्ष मूत्रच उत्तम देते. मासळी खाणाऱ्या मातेचे केवळ मूत्र तपासून तिला निर्धोक ठरविणे, अथवा मलम वापरणाऱ्या मातेचे केवळ केस तपासून समाधान मानणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच सदोष होत.

आता काळाचा विचार. रक्तातील मिथिल पाऱ्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी सुमारे ५० दिवस लागतात; तेव्हा रक्त केवळ अलीकडच्या काही महिन्यांविषयी बोलते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो आणि वाढत असताना रक्तातील पारा स्वतःत साठवीत जातो. यास्तव प्रसूतीच्या वेळी टाळूलगत कापलेल्या ९ सेंटिमीटर केसांत संपूर्ण गर्भकाळाची नोंद जवळजवळ महिनावार मिळते. १९७१–७२ मध्ये इराकमध्ये मिथिल पारा लावलेले बियाणे दळून त्याची भाकरी खाल्ली गेली. ६,५०० हून अधिक लोक रुग्णालयांत दाखल झाले व त्यांपैकी ४५९ दगावले. तेथे मातांच्या केसांचे क्रमवार तुकडे तपासून गर्भकाळातील विषमात्रेचा आलेख मागाहून काढता आला.

केसांतील प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट असते. म्हणजे केसांच्या १ ग्रॅममध्ये १ मायक्रोग्रॅम पारा आढळल्यास रक्ताच्या १ लिटरमध्ये तो सुमारे ४ मायक्रोग्रॅम असावा. तथापि हे गुणोत्तर व्यक्तिपरत्वे बरेच बदलते. केस कुरळे करण्याच्या रासायनिक उपचाराने केसांतील पारा कमी होतो, तर हवेतील वाफेने तो बाहेरून चिकटतो. केस डोक्याच्या मागील भागातून, त्वचेलगत कापावे, त्यांची जुडी दोऱ्याने बांधावी व मुळाकडील टोकावर खूण करावी. ही खूण राहिली, तर महिनावार नोंदीचा क्रमच हरवतो.

तिसरा प्रश्न असा की, मोजावयाचे कोणाच्या शरीरात? मातेचे रक्त हे गर्भाच्या रक्ताचे प्रतिरूप नव्हे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार नाळेच्या रक्तातील पारा मातेच्या रक्तातील पाऱ्याच्या सरासरी सुमारे १.७ पट असतो. या लहानशा आकड्याचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. फेरो बेटांवर १९८६–८७ मध्ये जन्मलेल्या १,०२२ बालकांच्या नाळेचे रक्त ग्रांजाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी राखून ठेवले होते. तेथील लोक पायलट देवमाशाचे मांस खातात. सातव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा नाळेतील पारा जितका अधिक, तितकी भाषा, अवधान व स्मृती यांत उणीव अधिक, असे आढळले. या अभ्यासावरून अमेरिकेत नाळेच्या रक्तासाठी लिटरला ५८ मायक्रोग्रॅम हा आधारबिंदू धरून, त्यास १० ने भागून, ५.८ हा संदर्भांक ठरला. त्या गणितात माता व नाळ यांचे रक्त समान मानलेले होते. १.७ चे गुणोत्तर स्वीकारल्यास मातेच्या रक्ताचा संदर्भांक सुमारे ३.४ वर येतो. ३.४ व ५.८ यांच्या दरम्यान आढळणारी गर्भवती पहिल्या हिशेबाने निर्धोक ठरते, दुसऱ्याने नाही. स्त्री तीच आणि तिचे रक्तही तेच.

सेशेल्स बेटांवरील अभ्यासाने मात्र निराळे चित्र दाखविले. तेथे १९८९–९० मधील ७७९ माता-बालकांच्या जोड्या घेतल्या होत्या. मातांच्या केसांतील सरासरी प्रमाण ग्रॅमला ६.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे फेरोतील मातांहून अधिक, असूनही बालकांत सुसंगत असा दुष्परिणाम दिसला नाही. हा विरोध समजून घेताना आहाराकडे पाहावे लागते. सेशेल्समध्ये समुद्री मासळी जवळजवळ रोजच्या जेवणात असते. फेरोतील देवमाशाचे मांस अधूनमधून पण मोठ्या मात्रेने खाल्ले जाते व त्याच्या चरबीत इतर विषारी द्रव्येही असतात. शिवाय मासळीतील मेदाम्ले व सेलेनियम ही गर्भाच्या मेंदूस हितकर असल्याने पाऱ्याचा परिणाम अंशतः झाकला जाणे संभवते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने दोन्ही अभ्यास जमेस धरून, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा ही मर्यादा सुचविली.

येथे मापनातील अनिश्चितीचाही उल्लेख करणे अवश्य आहे. खऱ्या मात्रेचे मापन ढोबळ असले, म्हणजे मात्रा व परिणाम यांतील संबंध सहसा आहे त्याहून दुर्बळ दिसतो. संबंध आढळला नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे म्हणता येत नाही. प्रथम मापन किती विश्वसनीय होते, हे पाहिले पाहिजे. ज्ञात प्रमाणाचे संदर्भ-नमुने प्रत्येक तुकडीबरोबर तपासणे आणि नमुन्याच्या कुप्या पाऱ्यापासून मुक्त असल्याची खात्री करणे, ही कामे रुक्ष वाटली तरी निष्कर्षाचा भार त्यांवरच असतो.

पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावाने २०१३ मध्ये संमत झाला, २०१७ मध्ये अमलात आला व २०१८ मध्ये भारताने त्यास अनुसमर्थन दिले. कोकणासारख्या मासळी हेच मुख्य अन्न असलेल्या किनाऱ्यावर जे विद्यार्थी असे मापन हाती घेतील, त्यांनी उपकरणाचा विचार करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या: पाऱ्याचे रूप कोणते, गर्भकाळाचा कोणता भाग, आणि नमुना मातेचा की बालकाचा. मासळी हे गर्भवतीचे स्वस्त व उत्तम अन्न आहे. अपुऱ्या मापनावरून तिला त्यापासून परावृत्त करणे हीदेखील हानीच होय. कोणती मासळी, किती प्रमाणात, असा नेमका सल्ला देता यावा, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप आहे. प्रसूतीच्या दिवशी नाळेचे थोडे रक्त व मातेच्या केसांची एक जुडी राखून ठेवण्यास अल्प श्रम लागतात. तो दिवस गेल्यावर मात्र ती नोंद त्या रूपात पुन्हा मिळत नाही.