परिषदेनंतरची रजा

कोइमतूरला परिषदेसाठी मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा केवळ सभागृह पाहून परतलो. सरकारी खर्चात मौज मिसळेल, ही धास्ती! वस्तुतः नियम सोपा आहे: रजा आगाऊ मंजूर करून घ्यावी, त्या दिवसांचा दैनिक भत्ता मागू नये आणि उटीचे भाडे पदरचे द्यावे. तिसऱ्या खेपेस तसे केले. मेट्टुपाळयमहून उटी ४६ किलोमीटर. छोट्या गाडीला सुमारे पाच तास लागतात. कल्लार ते कुन्नूर ही चढण बारा फुटांस एक फूट अशी. तेथे इंजिनाचे दातेरी चाक रुळांमधील दातेरी पट्टीत रुतत जाते आणि इंजिन मागून डबे वर रेटते. १८९९ साली कुन्नूरला आलेला हा मार्ग उटीस पोहोचायला १९०८ उजाडले. सुपारीच्या बागा सरून चहाचे मळे लागले, तेव्हा मांडीवरचा परिषदेचा अहवाल मी मुकाट्याने पिशवीत सारला.