आधी झाडं, मग मासे!

रीलमध्ये हिरवागार प्लांटेड टँक दिसतो आणि वाटतं, आपल्याकडेही असा पाहिजेच. मग यवतमाळला चक्कर झाली की टँक, रंगीत खडे आणि पिशवीभर मासे एकाच दिवशी बोरी अरबला येतात. आठवडाभरात मासे एकेक करून मरायला लागतात. घरचे म्हणतात, नजर लागली. खरं कारण असतं अमोनिया.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. ही जिवाणूंची फौज जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. म्हणून मासे सगळ्यात शेवटी आणायचे. तोवर अधूनमधून चिमूटभर फिशफूड टाका, म्हणजे जिवाणूंची उपासमार होत नाही.

सुरुवातीला 2 बाय 1 बाय 1 फुटाचा टँक पुरे. त्यात सुमारे 56 लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन 56 किलो! टेबल मजबूत हवं. तळाला धुतलेली जाड वाळू टाका. शेतातली काळी माती टाकायचा मोह होईल, पण त्यात खत-फवारणीचे अंश असू शकतात, नकोच. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तलावांतही वाढतात, नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट. जावा फर्न दगडाला बांधा, त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. लाइट रोज 6 ते 8 तासच. टँक थेट उन्हात ठेवला की शेवाळ झालंच समजा.

आपली खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. टँकचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा. कूलरचंच तंत्र आहे, पाण्याची वाफ होते आणि उरलेलं पाणी थंड होतं. मात्र क्षार मागेच राहतात, म्हणून कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे रात्री लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

बोअरचं पाणी जड असेल तर गप्पी निवडा, त्यांना ते मानवतं. झेब्रा डॅनिओ तर मूळचा आपल्याच भागातला, दक्षिण आशियातला. पाच-सहांपासून सुरुवात करा.

आणि कंटाळा आला तर? मासे किंवा झाडं नाल्यात, नदीत सोडू नका. नद्या गुदमरवणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर पसरली. त्यापेक्षा टँक मित्राला देऊन टाका. फक्त मासे शेवटी आणायचे, हे त्यालाही सांगा.